सांताक्रूझची ती रात्र

१२ ऑक्टोबर १९७६ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचें ‘कॅराव्हेल’ विमान मद्रासकडे निघालें. आंत ८९ उतारू व ६ कर्मचारी होते. उड्डाण होतें न होतें तोंच उजवें इंजिन फुटलें. वैमानिकानें विमान परत फिरविलें. पण धावपट्टी गांठण्यापूर्वींच त्याचें नाक खालीं वळलें आणि तें जमिनीवर आदळलें. ९५ पैकीं एकहि जीव वांचला नाहीं.

एक इंजिन गेल्यानें विमान पडत नाहीं. उरलेल्या इंजिनावर परत येतां यावें अशीच रचना असते. मग घडलें काय? इंजिनांत हवा दाबणाऱ्या चकत्यांपैकीं दहाव्या रांगेंतील चकती धातूच्या थकव्यानें भेगलून तुटली. तार पुन्हा पुन्हा वांकविली कीं एकाएकीं तुटते, तोच हा थकवा. तुकड्यांनीं इंजिनाचें कवच भेदलें, इंधनाच्या नळ्या तोडल्या, आग लागली. आणि शेपटीच्या व पंखांच्या पट्ट्या हलविणारें दाबाचें तेल निघून गेलें. वैमानिकाच्या हातीं नुसता दांडा राहिला.

कॅराव्हेल हें फ्रेंच कारागिरीचें लेणें. १९५५ सालीं तें प्रथम उडालें. प्रवासी जेट विमानाचीं इंजिनें शेपटीशीं बसविण्याची चाल त्यानेंच पाडली. उतारूंना शांतता मिळाली, आणि गिऱ्हाइकाला तीच हवी असते! मात्र तेलाचा दाब गेल्यास हाताच्या बळावर विमान वळविण्याची सोय त्यांत नव्हती. तेलाचे मार्ग एकाहून अधिक आहेत, ते एकदम कसे निकामी होतील, हा हिशेब. एक बांध फुटला कीं त्याच्या आधारानें नेलेले दोन्ही पाट जातात, हें पाताळगंगेकाठच्या मोहोपाड्यांतील भातशेतकऱ्यालाहि सांगावें लागत नाहीं.

आणि हें आधीं दिसलें होतें. ४ सप्टेंबर १९६३ रोजीं झुरिकहून निघालेलें स्विसएअरचें कॅराव्हेल ड्यूरेनेश गांवाजवळ कोसळलें. धुकें पांगविण्यासाठीं इंजिनांचा जोर वाढवून विमान धावपट्टीवर फिरविलें होतें. चाकें तापलीं, आग लागली, तेलाच्या नळ्या गेल्या, ताबा सुटला. ८० माणसें गेलीं. त्यांत ४३ एकट्या हुमलिकोन खेड्याचीं, म्हणजे गांवाचा पांचवा हिस्सा. तेरा वर्षांनीं सांताक्रूझला निमित्त निराळें, शेवट तोच.

१९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंत, एका डीसी-१० विमानाचे तेलाचे तिन्ही मार्ग शेपटींतील इंजिनाच्या तुकड्यांनीं एकदम रिकामे केले. वैमानिकांनीं उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करीत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलें. २९६ पैकीं १८४ माणसें वांचलीं. त्यानंतर त्या जातीच्या विमानांत, नळी फुटली तरी एका मार्गांतलें तेल अडवून धरणारी कळ बसविण्यांत आली.