काळ्या गाडीचे जपानी आजोळ

१६८८ साली ऑक्सफर्डमध्ये एक पुस्तक छापले गेले. लेखक जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर. विषय, जपानी लाखकामाची नक्कल कशी करावी. त्यातली काळ्या रंगाची कृती थोडक्यात अशी: काजळ घातलेल्या व्हार्निशचे थरावर थर द्या, ते खणखणीत वाळू द्या. मग ओल्या फडक्यावर ट्रिपोली नावाच्या मऊ दगडाची पूड घेऊन घासा. धुवा, पुसा. शेवटी तेलात कालवलेले काजळ चोळून चकाकी मोकळी करा.

काळ्या गाडीवरचे चरे मशीनने काढून घेतलेल्या कोणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल. आधी कंपाउंड, मग पुसणे, मग काळे ग्लेझ. मला तर तो इतका ओळखीचा वाटला की तेव्हापासून माझे एक ठाम मत बनले आहे: आज गॅरेजमध्ये पॉलिशर घेऊन बॉनेटवर वाकलेला पोरगा जपानी लाखकाम करणाऱ्याचा वंशज आहे. औरस म्हणता येणार नाही. वारसा आला तो नकलाकारांच्या घरातून.

आधी काळ्याच गाडीला हा छळ का, ते सांगून टाकतो. पांढऱ्या गाडीचा रंग स्वतःच चहूकडे उजेड फेकतो आणि चऱ्यांची चमक त्यात बुडून जाते. काळा रंग आत आलेला उजेड गिळतो. समोरून पडलेल्या उजेडापैकी वरच्या थरावरून परततो तो जेमतेम चार टक्के, आणि एवढ्या काळोखात बारीकसा चराही लखलखतो. दिव्याभोवती दिसणारे चऱ्यांचे गोल जाळे फडके गोल फिरवल्यामुळे पडते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक चरे सगळ्या दिशांना असतात. त्यांतले जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतात, तेवढेच डोळ्याकडे उजेड पाठवतात. दिवा सरकवा, जाळ्याचे केंद्रही सरकेल.

हे दुखणे जपानी कारागिरांना चांगले माहीत होते. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. तो उन्हात न वाळता दमट हवेत, त्यातल्याच विकराच्या मदतीने घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की सहजासहजी विरघळत नाही. लोहाचा संयोग केला की त्याचा सगळा थरच काळा होतो. या काळ्याला आरशासारखे करण्याच्या पद्धतीला रोइरो म्हणतात. मऊ कोळसा आणि पाणी घेऊन पृष्ठभाग सपाट करायचा, मग तेलातली बारीक पूड, मग कच्ची उरुशी चोळून पुसून घ्यायची, आणि अखेरीस हरणाच्या शिंगाची राख बोटाच्या टोकाने फिरवायची. चोळणे आणि राख हा फेरा पुन्हा पुन्हा. प्रत्येक पूड आधीच्या पुडीने पाडलेले चरे काढते आणि स्वतःचे, आणखी बारीक, मागे ठेवते.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी या लाखकामाच्या पेट्या आणि पेटारे गोवा-मकाव-नागासाकी या जलमार्गाने युरोपात नेले. तिथे सगळ्यांना त्या हव्याशा झाल्या, पण चीक मिळेना; तो त्या लांबच्या प्रवासात टिकणाराही नव्हता. मग नक्कल कशाने करायची? इथे आपला संबंध येतो, कारण नक्कल झाली ती हिंदुस्थानी लाखेने. सुतार फर्निचरच्या पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तो चपडा याच लाखेचा. झाडाचा चीक जपानचा, किड्याचा स्राव आपला. बाजारात दोन्ही एकाच नावाने खपले.

आता त्या शेवटच्या काजळाकडे येऊ, कारण माझी सगळी मदार त्यावर आहे. त्या तेल-काजळाचे काम काय? एक सरळ अर्थ असा की ट्रिपोलीची पूड फिकट असते, कोपऱ्या-सांध्यांत अडकून बसते आणि काळ्यावर भेसूर दिसते. तेल ती उचलते आणि काजळ तिला झाकते. हा अर्थ चुकीचा नाही. काळ्या गाडीच्या प्लास्टिकवर आणि एम्बलेमच्या फटीत पांढरे कंपाउंड वाळून बसलेले ज्याने टूथब्रशने काढले आहे, त्याला तो लगेच पटेल. पण उचलण्यापुरतेच काम असते तर नुसते तेल पुरले असते. काजळ चऱ्यांत भरून राहते आणि तेल त्यांच्या कडांवरची चमक मारते, हाच त्याचा खरा उपयोग, असे मी म्हणतो. काळ्या गाड्यांसाठी मिळणारी रंगीत पॉलिशे आणि ग्लेझ नेमके हेच करतात: चरा जात नाही, बुजतो. आज ही लबाडी पकडायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. भर निघून जाते आणि जाळे परत दिसते. १६८८च्या गिऱ्हाइकाला ती सोय नव्हती. स्पिरिटने पुसले असते तर लाखेचा थरच सुटून आला असता!

या मतावरचा सगळ्यांत तगडा आक्षेप भिंगवाल्यांचा. ट्रिपोली त्यांच्याकडेही होती. न्यूटन स्वतः आरसे आणि भिंगे घासत असे, आणि १७०४च्या 'ऑप्टिक्स'मध्ये त्याने स्वच्छ सांगितले आहे की पॉलिश करणे म्हणजे खडबडीतपणा मोडत मोडत चरे इतके बारीक करणे की ते दिसेनासे व्हावेत. गाडीच्या पॉलिशची याहून नेमकी व्याख्या आजही करता येणार नाही. मग वारसा भिंगवाल्यांचा का नको? माझे उत्तर हातात आहे. भिंग घासणाऱ्याचे साधन आपला आकार राखणारे असते, कारण त्याला वक्रता घडवायची असते. लाखवाल्याचे फडके वस्तूच्या आकाराला शरण जाते, तसाच आजचा फोमचा किंवा लोकरीचा पॅड. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे भीती. भिंगाची काच घासायला भरपूर असते. लाखवाला मात्र पातळ थरावर काम करतो आणि कडेपाशी हात जड पडला की खालचे अस्तर उघडे. दाराच्या कडा आणि बॉनेटच्या धारा मास्किंग टेपने झाकणारा माणूस हीच भीती सांभाळत असतो. धातूला बफ मारणाऱ्यांचाही दावा आहे, पण त्यांना थर फाटण्याची धास्ती कधीच नव्हती.

या वंशावळीत एक अडचण आहे आणि तिचे नाव फोर्ड. नकली जपानी काम वेल्समधल्या पाँटीपूलला लोखंडी पत्र्यावर गेले, भट्टीत भाजले जाऊ लागले. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने त्यावर पैसा केला आणि मग छपाईची सुंदर अक्षरे पाडली. डांबरी राळेचे हे भाजके काळे 'जपान ब्लॅक' म्हणून शिलाई यंत्रांवरून, सायकलींवरून थेट मॉडेल टीवर उतरले. १९१४ ते १९२५ ती गाडी काळ्याशिवाय मिळतच नव्हती. नाव जपानचे, पण घासणे गायब. रंग ओतायचा, भाजायचा, पुढची गाडी आणायची.

म्हणजे द्रव्य एका वाटेने आले आणि हात दुसऱ्या. हात जपला तो बग्ग्या रंगवणाऱ्यांनी. प्यूमिस दगड आणि पाणी, मग आणखी मऊ पूड, असे ते व्हार्निशचे थर आठवडेच्या आठवडे घासत. या दोन वाटांचा संगम १९२३ साली ड्युपाँच्या ड्युकोत झाला. ओकलंड गाडीवर आलेला हा नायट्रोसेल्युलोजचा रंग फवारायला झटपट, सुकायला झटपट, पण सुकल्यावर मंद दिसे. त्याला घासून चकाकी आणावी लागे. म्हणून ड्युकोच्या नावाचे पॉलिशही निघाले. दोनच वर्षे आधी, १९२१ साली, थ्री-एमने पाण्यात चालणारा पॉलिशपेपर आणला होता. गंमत म्हणजे काळ्यासाठी जन्मलेली ही विद्या मोटारीवर परतली ती ओकलंडच्या निळ्या रंगाबरोबर. आपल्याकडे कपाटाच्या शटरला 'ड्युको मारून द्या' म्हणतात, तोच हा ड्युको. आणि गाडीच्या पॉलिशसाठी नावाजलेली मेग्वायर्स १९०१ साली सुरू झाली ती फर्निचर पॉलिश बनवायला, हेही माझ्याच बाजूने मांडतो.

यंत्राची गोष्ट छोटी. १८९५ला श्टुटगार्टच्या फाइनने हातात धरायचे विजेचे ड्रिल केले, त्या कुळात रोटरी पॉलिशर निपजला. एकाच अक्षावर गरगरल्यामुळे तो चरे कापतो तशा स्वतःच्या रेघाही, गॅरेजच्या भाषेत होलोग्राम, मागे सोडतो. ड्युअल अॅक्शनमध्ये पॅड फिरता फिरता भरकटतो, त्यामुळे कोणतीच रेघ दुसऱ्यांदा गिरवली जात नाही. बोट गोल गोल फिरवून राख चोळणाऱ्याला हे नवीन वाटले नसते.

गॅरेजमध्ये एक समज पक्का आहे, की पॅडच्या उष्णतेने रंग वितळतो आणि चऱ्यात वाहून जातो. त्याला थोर पाठीराखे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बीलबीने, पॉलिश करताना पृष्ठभाग वाहतो आणि खड्डे लिंपतो, असे मांडले होते. लाखेच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेनने १५९६च्या प्रवासवर्णनात चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळवणारे कारागीर वर्णिले आहेत. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची चकाकी पाहिलेल्याला ते नवे नाही. पण १९८०च्या दशकात रुळलेला गाडीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जातीने उरुशीसारखा निघाला. त्याचे रेणू एकमेकांना जखडलेले असतात, तो तापला तर मऊ पडतो, वाहत नाही. तिथे चरा काढणे म्हणजे आजूबाजूचा थर चऱ्याच्या तळापर्यंत उतरवणे. एकूण थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉन. त्यातच उन्हाला अडवणारी द्रव्ये, म्हणून दरवर्षी हौसेने मशीन मारणाऱ्यांनी आधी जाडी मोजावी.

वाहण्याच्या बाजूने एक गाडीवाला मात्र उभा राहिला. निसानने २००५ साली असा लवचीक क्लिअर कोट जाहीर केला, की धुताना पडलेले बारीक चरे ऊब मिळाली की एका दिवसात ते आठवड्याभरात आपोआप भरून येतात. कंपनी अर्थात जपानी.