मऊ सीटचा पूर्वपक्ष

सायकलच्या दुकानात सीटची एक परीक्षा ठरलेली असते. गिऱ्हाईक अंगठ्यानं सीट दाबून बघतं. अंगठा रुतला तर सीट चांगली, नाही रुतला तर दुकानदार स्वतःच जेलचं कव्हर पुढं करतो. या परीक्षेमागचा विचार साधा आहे: कडक वस्तूवर बसलं की दुखतं, म्हणून मऊ वस्तूवर दुखणार नाही, आणि अरुंद सीटवर भार एका जागी येतो, म्हणून सीट जितकी रुंद तितकं सुख. पूर्वपक्ष बिनबुडाचा नाही. घरातल्या खुर्चीपुरता तो खराही आहे. पण खुर्चीवर आपण पाय हलवत नाही आणि पुढं वाकून हँडलवर रेलतही नाही.

आधी शरीर बघू. बसल्यावर वजन पेलायला कटीच्या तळाशी दोन हाडं आहेत, डावं आणि उजवं. त्यांच्यातलं अंतर माणसागणिक बदलतं, साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या आत. बायकांमध्ये ते सरासरीनं जास्त असतं, पण अंगकाठीवरून अंदाज बांधायला गेलं तर फसगत होते. स्थूल माणसाचं अंतर कमी आणि किडकिडीत माणसाचं जास्त असू शकतं. या दोन हाडांच्या मधून नाजूक मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. भार घेणं हे त्यांचं काम नव्हे.

जाड, लिबलिबीत फोमवर बसलं की हाडं खाली रुततात आणि मधला फोम दबला न जाता वर उरतो. तो नेमका नाजूक जागी टेकतो. म्हणजे हाडांवरचा भार काढून आपण तो मज्जातंतूंवर टाकला. पहिली दहा मिनिटं हे कळत नाही, उलट छान वाटतं, आणि दुकानासमोरची चक्कर दहा मिनिटांपेक्षा कमीच असते. अंगठ्याची परीक्षा फसते ती इथं. जेलच्या कव्हरचे आणखी दोन उपद्रव आहेत. ते सीटवर सरकतं, त्यामुळं मांड्यांची आतली बाजू सोलवटते. आणि सीटची उंची नकळत वाढवतं.

भार किती यापेक्षा तो कुठं पडतो हे महत्त्वाचं, याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना बधिरपणाचा आणि लैंगिक तक्रारींचा त्रास होतो का, हे तिथल्या व्यवसाय-आरोग्याच्या सरकारी संस्थेनं, नायॉशनं, तपासलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्वद पोलिसांनी सहा महिने पुढचं टोक नसलेली सीट वापरली. मधल्या भागावरचा दाब उतरला, बधिरपणाच्या तक्रारी ठळकपणे घटल्या. सीट मऊ केली म्हणून हे झालं नाही. चुकीच्या जागी टेकणारा भाग काढून टाकला म्हणून झालं.

ही अक्कल नवीही नाही. १८९०च्या दशकात अमेरिकेत स्पॉल्डिंग कंपनी ‘ख्रिस्टी’ नावाची सीट विकत होती. दोन हाडांखाली दोन गाद्या आणि मध्ये मोकळी जागा. जाहिरातीत चक्क कटीच्या सांगाड्याचं चित्र. आज मधोमध खाच असलेली सीट नवा शोध म्हणून विकतात, तेव्हा हे चित्र आठवावं. त्याच सुमाराला इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांची चामड्याची सीट रूढ होत होती. तिचं पेटंट १८८२चं. तिच्यात फोम औषधालाही नाही. पुढचं टोक आणि मागची कड यांच्यामध्ये जाड चामडं झोळीसारखं ताणलेलं, खाली पोकळी. अंगठा मुळीच रुतत नाही. तरीही दोनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याच्या सफरी, करणाऱ्यांमध्ये तिचे भक्त सगळीकडं सापडतात, कारण हळूहळू त्या चामड्यात बसणाऱ्याच्या हाडांची जागा तयार होते.

मग रुंद, स्प्रिंगवाली सीट आपल्याकडं इतकी वर्षं कशी चालली? चालली, कारण ती बरोबर होती. दूधवाल्याची, पोस्टमनची, शाळामास्तरांची काळी सायकल ताठ बसून चालवायची होती. हँडल उंच, पाठ सरळ, जवळजवळ सगळं वजन सीटवर. तिथं हाडं रुंद अंतरानं टेकतात, रस्त्याचे हादरे थेट कण्यात जातात, म्हणून रुंदी आणि स्प्रिंगा दोन्ही हव्यात. पुढं गिअरच्या सायकली आल्या, हँडल खाली गेलं, पाठ वाकली. कटी पुढं कलली की हाडांचा अधिक अरुंद भाग टेकतो आणि रुंद सीटच्या कडा मांड्यांना घासतात. सायकल बदलली, पण सीटबद्दलची समजूत मात्र काळ्या सायकलीवरच बसून राहिली.

दुसऱ्या टोकाला ‘सवय होते’ म्हणणारे आहेत, बहुधा जुने खेळाडू. त्यांचं अर्धं खरं आहे. नव्यानं चालवणाऱ्याची हाडांजवळचं दुखणं पहिल्या काही आठवड्यांत ओसरतं. पण बधिरपणाची सवय करून घ्यायची नसते. मुंग्या येत असतील तर ती सीट किंवा तिची ठेवण चूकच, आणि सहनशक्तीचं कौतुक तिथं थांबवावं.

ठेवणीकडं आपलं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ‘सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ हा लहानपणी, शिकताना मिळालेला नियम मोठी माणसंही जन्मभर पाळतात. त्यानं सीट फार खाली राहते. गुडघे छातीकडं येतात, पॅडलवर जोर पडत नाही आणि जे वजन पायांनी उचलायचं ते सगळं बुडावर बसतं. दुखण्याचं खापर मात्र फोमवर फुटतं. थांबताना सीटवरून पुढं उतरावं. बसल्याबसल्या पाय टेकवायचा हट्ट सोडावा. उंचीचा घरगुती अंदाज असा: भिंतीला धरून बसा, पॅडल सर्वांत खाली न्या, टाच त्यावर ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्यानं पॅडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो. उंची जास्त झाली तर कंबर डावी-उजवीकडं डुलते आणि कातडी घासते. मागून कुणाला तरी बघायला सांगावं.

कलाचं असं की, सुरुवात पाणसळ ठेवून सपाटीवर करावी. टोक वर असेल तर ते रुततं. म्हणून घाबरून खूप खाली केलं तर माणूस पुढं घसरत राहतो, हातांवर रेलतो, मनगटं दुखतात, आणि तो ग्लोव्ह्ज विकत घेतो! अर्ध्या-एका अंशानंही फरक पडतो. सीट मागंपुढं सरकवायची ती हँडलपर्यंतची पोहोच जुळेपर्यंत.

हादऱ्यांचं काम सीटकडून करून घेऊ नये, ते टायरचं आहे. दगडासारखा हवा भरलेला टायर आणि गादीसारखी सीट ही जोडी आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसते. हवा थोडी कमी करा, आणि स्पीडब्रेकर आला की बूड उचला.

तेव्हा नवी सीट घेण्याआधी आहे तीच लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, जुन्या जागेवर चिकटपट्टीची खूण ठेवा. तरीही जमलं नाही तर कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून, सायकलवर वाकता तितकंच वाकून बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा, त्यात दोनेक सेंटिमीटर मिळवा, ताठ बसत असाल तर आणखी थोडे, आणि टेप घेऊन दुकानात जा. काळ्या सायकलीवरून मंडईत जाऊन भाजी आणणाऱ्यांनी जेलचं कव्हर खुशाल वापरावं, त्यांच्याशी माझं भांडण नाही.