मुलाखतीची वाटखर्ची

परगावच्या उमेदवाराला नोकरीच्या मुलाखतीसाठी बोलावल्यावर त्याच्या जाण्यायेण्याचे भाडे कोणी सोसायचे, या प्रश्नाला भारतातील कायद्याने सर्वांना लागू होईल असे एक उत्तर कधीच दिलेले नाही. सरकारी खात्यांनी आपल्यापुरते नियम केले, मोठ्या कारखान्यांनी ऐपत आणि गरज पाहून आपापले रिवाज पाडले, आणि बाकीच्यांनी जाहिरातीच्या तळाशी ‘प्रवासभत्ता दिला जाणार नाही’ अशी एक ओळ छापून विषय मिटवला. जर्मनीत 1900 साली अमलात आलेल्या नागरी संहितेतील कलम 670 हे मुळात दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करताना पदरचा खर्च करणाऱ्याला भरपाई देणारे कलम आहे. पण तेथील न्यायालयांनी ते मुलाखतीलाही लावले, आणि आधी स्पष्ट नकार कळवला नसेल तर बोलावणाऱ्यानेच भाडे द्यायचे असे ठरवले. मराठीत वाटखर्ची हा शब्द पुष्कळ जुना आहे, म्हणजे प्रवासात लागणारा पैसा ही वेगळी बाब असल्याची जाणीवही जुनी आहे. ती कोणाच्या पदरी टाकायची, एवढेच प्रत्येक काळाने आणि प्रत्येक मालकाने वेगळे ठरवले.

दक्षिण बंगळूरमधील जयनगर ही वसाहत या इतिहासाकडे पाहण्यास सोयीची जागा आहे. शहराची आखीव वाढ व्हावी म्हणून 1945 साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि लालबागेच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या जमिनीवर त्याने ब्लॉक, मेन आणि क्रॉस अशा क्रमाने रस्ते आखले. 1948 साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचा आरंभ झाला आणि त्याची खूण म्हणून उभारलेला अशोकस्तंभ पहिल्या ब्लॉकच्या तोंडाशी आजही आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, टेलिफोन कारखाना, एचएमटी, भारत इलेक्ट्रॉनिक्स हे बंगळूरचे सरकारी कारखाने शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला, म्हणजे जयनगरपासून बरेच लांब होते. जयनगर ही कचेरीत, बँकेत, महाविद्यालयात आणि कारखान्याच्या हिशेबखात्यात नोकरी करणाऱ्यांची राहण्याची जागा होती, आणि परगावहून मुलाखतीला आलेल्या भाच्या-पुतण्याची पथारी पडायची ती अशाच घरांच्या पुढच्या खोलीत. या पथारीचा हिशेब कोणत्याही भत्त्याच्या नियमात सापडत नाही, म्हणूनच तो लक्षात ठेवायला हवा.

मुलाखत हा निवडीचा प्रकार रूढ होण्याआधी परीक्षा होती, आणि परीक्षेसाठी करावा लागणारा प्रवास मुलाखतीच्या प्रवासाहून जुना आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याच्या रमण्यावर दक्षिणा वाटली जाई; तेथे काशीपासून कर्नाटकापर्यंतचे शास्त्री येत, त्यांच्या विद्येची परीक्षा होई आणि तिच्या मगदुराप्रमाणे रक्कम मिळे. ती नोकरी नव्हती, तरी तिचा हिशेब पुढच्या काळातल्यासारखाच होता: वाटखर्ची ज्याची त्याने करायची आणि हाती पडलेल्या दक्षिणेतून ती वसूल झाली तर झाली. 1818 नंतर इंग्रजांनी ही प्रथा एकदम मोडली नाही, तर तिचा पैसा हळूहळू शिक्षणाकडे वळवला, आणि 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा हे त्या वळणाचे पहिले दृश्य फळ होते.

प्रवासाचा खर्च माणसे वगळण्याचे साधन कसा होतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे आहे. 1855 पासून या सेवेत स्पर्धापरीक्षेने भरती होऊ लागली, कागदोपत्री ती हिंदी उमेदवारांनाही खुली होती, पण परीक्षा लंडनला होती. बोटीचे भाडे, विलायतेतील मुक्काम आणि नापास झाल्यास रिकाम्या हाताने परतण्याचा धोका हे सारे उमेदवाराच्या घराने सोसायचे. 1869 च्या तुकडीत सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त यांच्याबरोबर श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मराठी नाव दिसते, आणि अशी नावे पुढची कित्येक वर्षे बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. परीक्षा एकाच वेळी इंग्लंडात आणि हिंदुस्थानात घ्यावी, ही मागणी काँग्रेसने 1885 च्या पहिल्याच अधिवेशनापासून लावून धरली. 1893 मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने तसा ठरावही केला, तो सरकारने गुंडाळून ठेवला, आणि प्रत्यक्षात हिंदुस्थानात परीक्षा सुरू व्हायला 1922 उजाडले. या वादात वंश, वय, अभ्यासक्रम यांवर पुष्कळ शाई खर्च झाली, पण मागणीचा गाभा पाहिला तर तो भाड्याचा होता.

बंगळूर आणि पुणे यांच्यामधल्या वाटेवर मात्र त्याच काळात वेगळा व्यवहार आढळतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1881 साली बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्य शिकायला गेले. त्या वेळी बंगळूर-पुणे असा थेट लोहमार्ग नव्हता. जोलारपेट आणि अरकोणमवरून मद्रास-मुंबई मार्ग गाठून, रायचूरला वळसा घालून यावे लागे. 1883 मध्ये ते स्थापत्याच्या एल.सी.ई. परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले, आणि परीक्षेत वर येणाऱ्यांना इलाख्याच्या बांधकाम खात्यात जागा देण्याचा शिरस्ता असल्यामुळे 1884 मध्ये सहायक अभियंता झाले. येथे दारोदार मुलाखती देण्याचा प्रश्नच आला नाही. एका राज्याने शिक्षणाचा खर्च उचलला, दुसऱ्या सरकारने निकालाच्या यादीवरून माणूस उचलला. पुढे तेच विश्वेश्वरय्या 1909 मध्ये मुख्य अभियंता म्हणून म्हैसूरला परतले आणि 1912 ते 1918 दिवाण राहिले, तेव्हा म्हैसूरने केलेला खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

1926 मध्ये लोकसेवा आयोग स्थापन झाला, 1950 मध्ये तो संघ लोकसेवा आयोग झाला, आणि मुलाखत, म्हणजे आयोगाच्या भाषेत व्यक्तिमत्त्व चाचणी, हा भरतीचा नेहमीचा टप्पा बनला. परगावच्या उमेदवाराला आयोग भाडे देतो, पण ते दुसऱ्या किंवा शयनयान वर्गाचे, मेल-एक्स्प्रेसच्या दराने. उमेदवार त्याहून वरच्या वर्गाने आला तर फरक त्याचा. याशिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना खालच्या श्रेणीच्या जागांसाठीही जाण्यायेण्याचे दुसऱ्या वर्गाचे भाडे, जवळच्या मार्गाने आणि ठरावीक अंतरापलीकडच्या प्रवासासाठी, द्यावे असे केंद्राचे आदेश निघाले. सरकारी बँकांनीही हीच रीत उचलली, आणि रेल्वेच्या भरतीत तर या उमेदवारांना बोलावण्याच्या पत्राबरोबरच मोफत प्रवासाचा अधिकार मिळू लागला. रेल्वेने केलेली ही सोय इतरांपेक्षा शहाणपणाची होती. भाडे मागाहून देणे आणि तिकीटच आधी हाती देणे यांत कागदावर फरक थोडा दिसतो, पण ज्याच्या घरी तिकिटापुरते रोख पैसे नाहीत त्याच्या दृष्टीने तो जाणे आणि न जाणे यांतला फरक असतो.

भत्त्याच्या अर्जाची घडणच अविश्वासाच्या पायावर झालेली होती. उमेदवाराने गावाचे नाव, चढल्याचे स्थानक, अंतर, वर्ग, भाड्याची रक्कम आणि तिकिटाचा क्रमांक भरायचा. तिकीट त्या काळी जाड पुठ्ठ्याचे, बोटभर लांबीचे आणि त्यावर छापील आकडा असलेले असे, आणि ते उतरल्यावर फाटकावरच्या तिकीट तपासनिसाच्या हाती द्यावे लागे. म्हणून जाणता उमेदवार फाटकापाशी पोचण्याआधी तो आकडा बोलावण्याच्या पत्राच्या मागे उतरवून घेई. परतीच्या प्रवासाचे तिकीट काढलेलेच नसे, त्यामुळे आपण त्याच मार्गाने परत जाऊ असे लिहून द्यावे लागे. एवढे सोपस्कार झाल्यावर मिळत असे ते निव्वळ भाडे. जेवण, मुक्काम, स्थानकापासून कचेरीपर्यंतचा टांगा किंवा रिक्षा यांतले काही त्यात नसे, आणि ही उणीव भरून काढणारी संस्था म्हणजे नातेवाइकाचे घर. जयनगरात किंवा पुण्यात मामा असणे ही उमेदवाराची न लिहिलेली पात्रता होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

खासगी कारखान्यांत भाडे देण्याचा रिवाज प्रामुख्याने अभियंते आणि अधिकारी यांच्यापुरता होता, कारण कामगार आणि कारकून स्थानिकच घेतले जात. सेवायोजन कार्यालयांना रिकाम्या जागा कळवणे सक्तीचे करणारा 1959 चा कायदा 25 किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनाही लागू होता, आणि त्या कार्यालयांची नोंदवही जिल्ह्यापुरती असल्यामुळे खालच्या जागांना परगावचा उमेदवार सहसा येतच नसे. वरच्या जागांसाठी कंपन्या देशभर जाहिरात देत, निवडक उमेदवारांना तार करीत, आणि अशा तारेत कंपनीच्या खर्चाने यावे असे लिहिलेले असे.

अशाच एका तारेने या विषयातील सर्वांत प्रसिद्ध प्रवास घडवला. 1974 मध्ये सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. टाटांच्या टेल्को कंपनीची तरुण अभियंत्यांसाठीची जाहिरात त्यांनी फलकावर पाहिली. तळाशी स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये असे होते. त्यांनी जे. आर. डी. टाटा यांच्या नावे एक पोस्टकार्ड लिहून हा भेदभाव टाटांना शोभत नाही असे कळवले, आणि दहा दिवसांच्या आत कंपनीच्या खर्चाने पुण्याला मुलाखतीस यावे अशी तार आली. पुढे त्यांनीच लिहून ठेवलेला तपशील मोठा बोलका आहे: जावे की न जावे असा त्यांचा विचार चालला असता वसतिगृहातील मैत्रिणींनी फुकट पुणे पाहायला मिळते आहे तर जा आणि येताना साड्या आण असा आग्रह धरला, आणि ज्यांना साडी हवी होती त्यांच्याकडून प्रत्येकी 30 रुपये गोळा झाले. पोस्टकार्ड रागाने लिहिले गेले होते, नोकरी हवी म्हणून नव्हे. परदेशी शिकायला जाण्याचा बेत होता. भाडे स्वतःच्या खिशातून घालायचे असते तर हा प्रवास झाला नसता, असे त्या हकिगतीवरून सहज दिसते. त्या पिंपरीच्या कार्यालयात गेल्या, निवड मंडळाने तांत्रिक प्रश्न विचारले, आणि कारखान्यात स्त्री अभियंत्याची नेमणूक झाली. ज्या जाहिरातीने अर्धी लोकसंख्या दारातच अडवली होती, तिच्याच मालकाने वाटखर्ची देऊन दार उघडले, हा या प्रसंगातील खरा व्यवहार आहे.

त्या वर्षी हा प्रवास आजच्याइतका सरळ नव्हता. पुणे-मिरज मार्ग नुकताच रुंद झाला होता, पण मिरजेच्या खाली बेळगाव, हुबळी, बंगळूरपर्यंत मीटरगेजच होती, त्यामुळे या मार्गाने येणाऱ्याला मिरजेला सामान घेऊन गाडी बदलावी लागे. हा सांधा 1990 च्या दशकात मिटला. रेल्वेचा तिसरा वर्गही 1974 मध्येच रद्द होऊन त्याला दुसरा वर्ग हे नाव मिळाले. भत्त्याच्या नियमांत मात्र कनिष्ठ वर्गाचे भाडे हे तत्त्व तसेच राहिले, फक्त वर्गाचे नाव बदलले.

सुधा मूर्ती यांच्या पतीने सहकाऱ्यांसह 1981 मध्ये पुण्यात काढलेली इन्फोसिस ही सॉफ्टवेअर कंपनी 1983 मध्ये बंगळूरला गेली, मूर्ती दांपत्य पुढे जयनगरात राहू लागले, आणि वाहतुकीची दिशाही उलटली. 1990 नंतर सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि पुण्याची मुले रात्रीच्या बसने बंगळूरकडे निघू लागली. सॉफ्टवेअर कंपन्यांनी भाड्याचा प्रश्न दोन परस्परविरुद्ध रीतींनी सोडवला. पहिली रीत महाविद्यालयात जाऊन निवड करण्याची, म्हणजे कॅम्पस मुलाखतीची. तीत कंपनीचीच माणसे प्रवास करतात, उमेदवार वर्गातून उठून शेजारच्या खोलीत जातो आणि वाटखर्ची पूर्णपणे मालकाच्या खाती पडते. पण कंपनी ठरावीक महाविद्यालयांतच जाते. ज्या गावी ती जात नाही तेथल्या पदवीधरासाठी दुसरी रीत उरते, ती वॉक-इनची: जाहिरातीत वार, वेळ आणि पत्ता द्यायचा, येईल त्याने रांग लावायची, आणि कोणालाही नावाने बोलावलेलेच नसल्यामुळे भाडे देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आमंत्रण न देता पंगत मांडण्याचा हा प्रकार मालकाच्या दृष्टीने चलाख आहे. संशोधन संस्थांतील मुदतीच्या प्रकल्पजागांच्या जाहिरातींतही हीच भाषा शिरली आणि भत्ता नाही ही ओळ तेथे इतकी रुळली की तिच्याकडे आता कोणाचे लक्षही जात नाही.

सरकारी बाजूला 1 जानेवारी 2016 पासून केंद्राने खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. प्रवास मात्र संपला नाही, तो परीक्षाकेंद्राच्या नावाने राहिला. जुलै 2020 मध्ये एक अपवाद घडला. महासाथीमुळे नागरी सेवेच्या उरलेल्या मुलाखती थांबल्या होत्या, त्या पुन्हा सुरू करताना रेल्वेगाड्या पुरेशा धावत नव्हत्या, म्हणून आयोगाने उमेदवारांना जाण्यायेण्याचे किमान विमानभाडे दिले. ही सवलत केवळ त्या वेळेपुरती होती आणि नंतर भत्ता पुन्हा शयनयानावर आला. बऱ्याच खासगी कंपन्यांनी त्याच काळात मुलाखती पडद्यावर नेल्या आणि भाड्याची बाब आपल्या हिशेबातून काढून टाकली.

जयनगरच्या सीमेवरील आर. व्ही. रोड स्थानकातून 10 ऑगस्ट 2025 रोजी मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक सिटी थेट जोडली गेली. रात्रीच्या गाडीने आलेला उमेदवार आता जयनगरच्या नातेवाइकाकडे अंघोळ उरकून तेथूनच तिकडे जाऊ शकतो. शहरातल्या शहरात होणाऱ्या अशा प्रवासाचा खर्च बंगळूरसारख्या ठिकाणी कधी कधी गावाहून येण्याच्या भाड्याच्या बरोबरीला पोचतो. सरकारी भत्त्याची मोजणी मात्र मूळ गावच्या स्थानकापासून मुलाखतीच्या गावच्या स्थानकापर्यंतच चालते.