विश्वेश्वरय्या, सर मोक्षगुंडम
स्थापत्य अभियंता, म्हैसूर संस्थानचे दिवाण (१९१२–१८) आणि भारतातील आर्थिक नियोजनाचे आद्य पुरस्कर्ते. जन्म मुद्देनहळ्ळी (चिक्कबळ्ळापूरजवळ) येथे. मृत्यू बंगळूर येथे एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर ‘अभियंता दिन’ म्हणून पाळतात.

वडील लवकर वारले. बंगळूरला पदवी घेऊन म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकला साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. खानदेश, सक्कर, सुरत, पुणे, एडन अशा ठिकाणी त्यांनी पाणीपुरवठ्याची, जलनिःसारणाची व पाटबंधाऱ्यांची कामे केली. खडकवासला धरणाच्या सांडव्यावर १९०३ मध्ये बसवलेली स्वयंचलित दारे ही त्यांची स्वतःची रचना. पूर चढला की दारे आपोआप उघडत आणि ओसरला की मिटत, त्यामुळे भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी साठू लागले.

त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा खरा आरंभ नीरा कालव्यावर झाला, असे म्हणता येईल. पाटाच्या वरच्या अंगाचे बागायतदार उसाला हवे तेवढे पाणी घेत आणि खालची गावे कोरडी राहत. विश्वेश्वरय्यांनी १८९९ च्या सुमारास ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. जमिनीचे गट पाडायचे, गटाच्या ठरावीक भागातच ऊस, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके आणि पुढे त्यांची फेरपालट. उसाच्या बागायतदारांनी विरोध केला. तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांशी समोरासमोर बोलून ती पटवून दिली. पाणी कुणाला किती, हा प्रश्न सत्तेचा असतो हे त्यांनी त्या पाटावर शिकून घेतले. पुण्यात रानडे व गोखले यांच्या सहवासाने त्यांच्या विचारांना आर्थिक व राजकीय वळण मिळाले.

मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याचे पद भारतीयाला मिळण्याची आशा नव्हती. ते मुदतीआधीच निवृत्त झाले. १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादसाठी त्यांनी मुसी व इसी नद्यांवर जलाशय सुचवले. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातूनच पुढे उभे राहिले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले.

कावेरीवरील कन्नंबाडी येथील कृष्णराजसागर धरणात अभियंता आणि राजकारणी एकाच माणसात काम करताना दिसतात. कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरवणाऱ्या शिवसमुद्रम केंद्राला बारमाही पाणी आणि मंड्याच्या शेतीला सिंचन, असे दुहेरी उद्दिष्ट होते. सुमारे ८१ लाख रुपयांच्या खर्चाला दरबारातून विरोध होता, महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी १९११ मध्ये तो मंजूर केला. मद्रास सरकारने कमी उंचीच्या धरणालाच संमती दिली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीला पुरेल असा घातला. त्यावरून पेटलेला तंटा लवादाकडून थेट लंडनपर्यंत गेला आणि १९२४ च्या करारानंतरच मिटला. कावेरीचे आजचे भांडण याच मुळाशी पोचते.

दिवाण म्हणून त्यांनी म्हैसूर बँक (१९१३), कन्नड साहित्य परिषद (१९१५) आणि म्हैसूर विद्यापीठ (१९१६) यांची उभारणी केली. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा पायाही त्यांच्याच काळातला.

१९१८ मध्ये मात्र त्यांचा महाराजांशी मतभेद झाला. ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा या मागणीवर मिलर समिती नेमली गेली. गुणवत्ता ढळेल व कारभाराची कार्यक्षमता जाईल, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. हे मत प्रामाणिक होते, पण अपुरे होते. वरच्या शेताला सगळे पाणी मिळू नये हे ज्याने नीरेवर ओळखले, त्याला शिक्षणाच्या आणि नोकरीच्या पाटावरही वरची-खालची शेते असतात हे दिसले नाही. त्यांनी दिवाणपद सोडले.

यानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. जानेवारी १९२२ मध्ये मुंबईत भरलेल्या सर्वपक्षीय परिषदेचे अध्यक्षपद सर शंकरन नायर यांनी सोडले, तेव्हा ते विश्वेश्वरय्यांनी सांभाळले. मुंबईच्या बॅकबे भरावाच्या चौकशी समितीचे (१९२६) ते सदस्य होते. तोट्यातल्या भद्रावती कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी १९२३ ते १९२९ पर्यंत सांभाळले. नियोजित अर्थव्यवस्थेवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३४ मध्ये निघाले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्याआधी, नव्वदी ओलांडल्यावर, बिहारमध्ये गंगेवरील पुलाची जागा ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. मोकामा येथे तो पूल १९५९ मध्ये वाहतुकीला खुला झाला.