जुन्या पद्मिनीच्या बॉनेटखाली कार्बन फायबर: पार्ट कसा बनतो, कुठे टिकतो आणि कुठे नाही?

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. पण खासगी मालकांच्या पद्मिनी आजही महाराष्ट्रात ठिकठिकाणी जपलेल्या दिसतात. या गाड्या चालू ठेवताना एक अडचण हमखास येते. एअर फिल्टरचं झाकण गंजलेलं असतं, बॅटरीचा ट्रे ॲसिडने खाल्लेला असतो आणि बाजारात नवा पार्ट मिळत नाही. अशा वेळी पार्ट स्वतः बनवून घ्यायचा, आणि तोही कार्बन फायबरमध्ये, हा पर्याय अनेकांना खुणावतो.

तो खरंच कामाचा आहे का? तो बनतो कसा? आणि त्यामुळे गाडीचं ‘क्लासिक’पण धोक्यात येतं का?

गाडी कोणती, इंजिन कसं?

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून ती पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे १,०८९ सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद, अशी तिची साधी रचना आहे. बॉनेटखाली भरपूर मोकळी जागा असल्याने पार्ट काढणं-बसवणं सोपं जातं.

कार्बन फायबर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे पाण्याच्या टाक्या, कूलर, मूर्ती ‘फायबर’च्या असतात. ते काचेचं फायबर. कार्बन फायबरमध्ये काचेऐवजी कार्बनचे धागे असतात. एका धाग्याची जाडी ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. या धाग्यांचं कापड विणतात आणि ते इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून कडक करतात. ताकद धाग्यांची आणि आकार धरून ठेवण्याचं काम रेझिनचं.

१९८१ मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा पूर्ण कार्बन फायबरचा सांगाडा आणला आणि हे नाव रेसिंगशी कायमचं जोडलं गेलं.

वजन किती वाचतं?

समजा, ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद झाकण आहे. १ मिलिमीटर जाड पोलादात त्याचं वजन सुमारे ९४० ग्रॅम भरतं. दीड मिलिमीटर जाड कार्बन फायबरमध्ये तेच झाकण सुमारे २८० ग्रॅमचं होतं. म्हणजे बचत साधारण ६६० ग्रॅम. सुमारे ९०० किलोच्या गाडीत ती चालवताना जाणवणारही नाही. इथे खरा फायदा वेगळा आहे: पार्ट गंजत नाही आणि हवा तसा एकच नग बनवता येतो.

पार्ट कसा बनतो?

१. पॅटर्न: जुना पार्ट ठोकून सरळ करतात, खड्डे पुटीने भरतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतात. मूळ पार्टच नसेल, तर लाकडाचा किंवा फोमचा पॅटर्न बनवतात.

२. साचा: पॅटर्नवर मेण चढवून काचेच्या फायबरचा साचा काढतात. कडा थोड्या उतरत्या ठेवतात, नाहीतर पार्ट साच्यातच अडकतो.

३. थर: साच्यात कार्बनचं कापड रेझिनसह बसवतात. दर चौरस मीटरला २०० ग्रॅमचं कापड असेल, तर दीड मिलिमीटरसाठी साधारण ६ थर लागतात. थरांची दिशा आलटून-पालटून ठेवतात, कारण धागा त्याच्या लांबीच्या दिशेनेच सर्वांत मजबूत असतो.

४. व्हॅक्यूम: साच्यावर प्लास्टिकची पिशवी सील करून पंपाने हवा काढतात. मग बाहेरची हवाच थरांना दर चौरस मीटरला जवळपास १० टन इतक्या जोराने दाबते. बुडबुडे आणि जास्तीचं रेझिन निघून जातं.

५. शेवट: कडक झालेला पार्ट काढून कडा कापतात, पाणी लावून घासतात आणि वर क्लिअर कोट देतात. हा कोट ऊन सोसणारा हवा, नाहीतर इपॉक्सी पिवळं पडतं.

खरी परीक्षा उष्णतेची

कार्बनच्या धाग्याला बॉनेटखालच्या उष्णतेचं काही वाटत नाही. कमकुवत दुवा असतो रेझिन. साध्या तापमानाला कडक झालेलं बरंचसं इपॉक्सी ६० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागतं. गरम इंजिनातलं कूलंटच ९० अंशांच्या घरात असतं. त्यामुळे कारखान्यात चकचकीत दिसणारं झाकण पहिल्याच लांबच्या प्रवासात वाकडं होऊ शकतं.

यावर उपाय म्हणजे ‘पोस्ट-क्युअर’. उष्णता सोसणारं इपॉक्सी निवडायचं आणि कडक झालेला पार्ट, रेझिनच्या कंपनीने दिलेल्या वेळापत्रकानुसार, बंद पेटीत हळूहळू तापवायचा. त्याच मिश्रणाची एक पट्टी सोबत बनवून ठेवावी. ती १०० अंशांच्या पेटीत दोन टोकांवर टेकवून मध्ये वजन ठेवावं. पट्टी वाकली, तर पार्ट इंजिनाजवळ लावू नये.

काम करतानाही हवामान आड येतं. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापमान १० अंशांनी वाढलं की रेझिन हाताळायला मिळणारा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. डब्यात एकदम जास्त मिश्रण कालवलं, तर ते स्वतःच तापून धूर सोडू लागतं. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे काम पहाटे, थोडं-थोडं मिश्रण करून आणि सावकाश कडक होणारं हार्डनर वापरून करणं बरं. पावसाळ्यातल्या दमट हवेत पृष्ठभागावर चिकट थर येतो, त्याचीही काळजी घ्यावी लागते.

कुठे लावावं, कुठे नाही?

- चालतं: एअर फिल्टरचं झाकण, रेडिएटरवरची पट्टी, हवेची नळी, फ्यूजचं झाकण.
- जपून: बॅटरीचा ट्रे. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे टर्मिनल टेकल्यास शॉर्ट सर्किट होतं. आतून काचेच्या फायबरचा थर आणि रबर हवंच. ॲल्युमिनियमला थेट टेकवल्यास ओलाव्यात ते ॲल्युमिनियम गंजतं.
- टाळावं: एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या लगतचे पार्ट. तिथलं तापमान शेकडो अंशांवर जातं आणि इपॉक्सी जळतं.

कापताना उडणारी धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, विजेच्या उपकरणांतही शिरते. मास्क, चष्मा आणि नायट्राइल हातमोजे सक्तीचे समजा. कच्च्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.

कायदा काय सांगतो?

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. एअर फिल्टरच्या झाकणाची अशी नोंद आरसीत नसते.

व्हिंटेज नोंदणीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ क्रमांक मिळू शकतो. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत, ही अट आहे. पहिल्या पद्मिनी नेमक्या याच वयात आल्या आहेत.

म्हणूनच जाणकार एक साधं पथ्य पाळायला सांगतात. नवा पार्ट मूळच्याच बोल्टवर बसवायचा. बॉडीला नवं भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. आणि काढलेला गंजका पार्ट भंगारात न देता तेल लावून, नाव लिहून ठेवायचा. कार्बनचं झाकण पुन्हा बनवता येईल. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेलं मूळ झाकण मात्र पुन्हा मिळणार नाही.