वेब अर्जातील माहिती गहाळ होणे

संकेतस्थळावरील अर्जात भरलेली माहिती सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलीपर्यंत न पोहोचणे, पोहोचूनही आज्ञावलीला न सापडणे, अथवा साठवताना कापली वा बदलली जाणे, या दोषास वेब अर्जातील माहिती गहाळ होणे असे म्हणतात. पीएचपी, पर्ल, एएसपी, पायथन अशा कोणत्याही भाषेतील आज्ञावलीत हा दोष संभवतो. प्रस्तुत लेखातील उदाहरणे मुख्यतः पीएचपीची आहेत. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या या भाषेच्या आरंभीच्या एका रूपाच्या नावातच 'फॉर्म्स इंटरप्रिटर' हे शब्द होते; अर्ज हाताळणे हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते.

महत्त्व

महाराष्ट्रात पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा व जातीचा दाखला अशा अनेक बाबींचे अर्ज संगणकावरून भरले जातात. बीडसारख्या जिल्ह्यात पुष्कळ अर्जदार स्वतः संगणकापुढे बसत नाहीत. आपले सरकार सेवा केंद्राचा चालक अर्ज भरतो आणि अर्जदाराच्या हाती पोचपावती देतो. पावतीवर क्रमांक असला की अर्ज पूर्ण झाला, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सर्व्हरवरील नोंदीत गट क्रमांकाचा किंवा बँक खात्याचा रकाना कोरा असू शकतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्रुटी त्यानंतर उघडकीस आली, तर दुरुस्तीसाठी परत येणे म्हणजे मजुरी बुडवणे होय. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये सेवा देण्याची मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. त्यामुळे एक रकाना गळाला, तरी अर्जदाराचे दिवस मोजणीत येत नाहीत.

सर्व्हरवर ताण येऊन अर्जच दाखल न होणे हा निराळा दोष आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीसाठी उमेदवारी अर्ज ऑनलाइन भरताना अडचणी आल्या, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने कागदी अर्ज स्वीकारण्यास अनुमती दिली. बोलताना दोन्ही प्रकारांना 'सर्व्हर डाउन' म्हटले जाते. परंतु पहिल्यात अर्जदाराला बिघाड कळतो, दुसऱ्यात कळत नाही. म्हणून दुसरा अधिक घातक मानावा लागतो.

शोधाची पद्धत

माहिती चार मुक्कामांवरून जाते: ब्राउझर, जाळे, आज्ञावली आणि डेटाबेस. ती कोणत्या मुक्कामापर्यंत शाबूत होती, हे आधी ठरवावे. ब्राउझरच्या विकसक-साधनांतील नेटवर्क विभागात प्रत्यक्ष पाठवलेले रकाने दिसतात. तेथे रकाना नसेल, तर सर्व्हरवरील आज्ञावलीत कितीही बदल केले तरी उपयोग नाही. तेथे असेल, तर आज्ञावलीच्या पहिल्याच ओळीत आलेली संपूर्ण सारणी छापून पाहावी, आणि साठवल्यानंतर तीच नोंद डेटाबेसमधून पुन्हा वाचून ताडावी. ही तपासणी काल्पनिक माहितीवर करावी. खऱ्या अर्जदाराचा आधार क्रमांक तपासणीच्या नोंदवहीत पडून राहणे, हा मूळ दोषापेक्षा मोठा दोष ठरेल.

ब्राउझरमध्येच राहणारी माहिती

एचटीएमएलमध्ये रकान्याला 'नेम' हा गुणधर्म नसेल, तर त्याची किंमत पाठवलीच जात नाही. केवळ 'आयडी' देऊन चालत नाही. नवशिक्यांच्या हातून ही चूक वारंवार होते. आज्ञावलीत लिहिलेले नाव अर्जातील नावाशी अक्षरशः जुळावे लागते, लहान व मोठी रोमन अक्षरेही वेगळी गणली जातात. पीएचपी तर नावातील टिंब व रिकामी जागा यांच्या ठिकाणी अधोरेखा घालते, त्यामुळे अर्जात टिंब असलेले नाव सर्व्हरवर त्या रूपात सापडत नाही.

'डिसेबल्ड' केलेला रकाना पाठवला जात नाही. एखाद्या जिल्हास्तरीय अर्जात जिल्ह्याच्या यादीत 'बीड' आधीच निवडून ती यादी बदलता येऊ नये म्हणून गोठवलेली असते. अर्जदाराला बीड दिसते, सर्व्हरला जिल्हाच मिळत नाही. मजकुराच्या रकान्याला 'रीडओन्ली' हा पर्याय आहे. निवडयादीला तो लागू होत नाही, म्हणून तीच किंमत वेगळ्या अदृश्य रकान्यात ठेवावी लागते. खूण न केलेला चौकोनही पाठवला जात नाही, त्यामुळे 'नाही' हे उत्तर आणि उत्तराचा अभाव यांत सर्व्हरला फरक करता येत नाही. बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. अर्जदाराने एकाहून अधिक तालुके निवडावेत असा रकाना असेल, तर पीएचपीत त्याच्या नावापुढे चौकटी कंसाची जोडी लागते. ती नसेल तर फक्त शेवटचा तालुका उरतो.

वाटेत गळणारी माहिती

अर्ज 'गेट' पद्धतीने पाठवून 'पोस्ट'च्या सारणीत शोधला, तर सारणी रिकामी दिसते. याहून फसवा प्रकार पुनर्निर्देशनाचा. अर्ज जुन्या असुरक्षित पत्त्यावर पाठवला जातो, सर्व्हर ३०१ किंवा ३०२ संकेताने तो सुरक्षित पत्त्याकडे वळवतो, आणि वळताना ब्राउझर 'पोस्ट'चे 'गेट' करतो. मजकूर मागेच राहतो. ३०७ व ३०८ या संकेतांत पद्धत बदलत नाही. तथापि अर्जातच नवा पत्ता लिहिणे अधिक चांगले.

सोबत कागदपत्र जोडायचे असल्यास अर्जाचा प्रकार 'मल्टिपार्ट' असावा लागतो, अन्यथा फाइलचे केवळ नाव पोहोचते. पीएचपीच्या मूळ मांडणीत एका फाइलला २ मेगाबाइट आणि संपूर्ण अर्जाला ८ मेगाबाइट अशी मर्यादा असते. दुसरी मर्यादा ओलांडली की फाइलच नव्हे, तर नाव-गावासह सर्व रकाने नाहीसे होतात. मोबाइलवर काढलेली सातबाऱ्याची दोन-तीन छायाचित्रे त्यास पुरेशी असतात. जेसन स्वरूपात आलेला मजकूर पीएचपी 'पोस्ट'च्या सारणीत भरत नाही. तो मूळ प्रवाहातून वेगळा वाचावा लागतो.

रकान्यांच्या संख्येलाही मर्यादा आहे. २०१२ च्या जानेवारीत आलेल्या ५.३.९ या आवृत्तीपासून पीएचपी मूळ मांडणीत १,००० रकाने स्वीकारते व पुढचे टाकून देते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाचा वीस स्तंभांचा गुणतक्ता एकाच अर्जात भरला, तर १,२०० रकाने होतात आणि हजेरीपटावरील शेवटची सुमारे दहा मुले गुणांविना राहतात. इशारा सर्व्हरच्या त्रुटिनोंदीत उमटतो, पण ती नोंद उघडून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते.

जुन्या आज्ञावल्या नव्या सर्व्हरवर नेल्यावर सर्वच रकाने रिकामे दिसू लागतात, त्याचे एक ऐतिहासिक कारण आहे. पूर्वी पीएचपी प्रत्येक रकान्याचे आपोआप चल बनवत असे. सुरक्षेच्या कारणाने ही सोय २००२ मध्ये ४.२.० या आवृत्तीत मुळातून बंद ठेवली गेली व २०१२ मध्ये ५.४.० मध्ये काढून टाकण्यात आली.

देवनागरी मजकूर

मराठी अर्जांत काही दोष असे उद्भवतात, की केवळ इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्यास ते दिसतच नाहीत. 'अंबाजोगाई' हा शब्द वाचणाऱ्याच्या लेखी पाच अक्षरांचा. युनिकोडमध्ये स्वर, व्यंजन, अनुस्वार व मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून तो नऊ चिन्हांचा होतो. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने २७ बाइटचा, आणि 'गेट' पद्धतीने पत्त्यात गेल्यास ८१ चिन्हांचा. 'जास्तीत जास्त २० अक्षरे' या नियमात अक्षर म्हणजे नेमके काय, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरवले नाही, तर संगणक आपल्या परीने ठरवतो.

पीएचपीचे नेहमीचे मजकूर-कापणीचे फलन बाइट मोजते. वीस बाइटांवर कापल्यास सहा चिन्हे पूर्ण राहतात व सातवे मध्येच तुटते. असा तुटका मजकूर पुढे एचटीएमएलसाठी सुरक्षित करणाऱ्या फलनाकडे गेला, तर ८.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत ते मूळ मांडणीत संपूर्ण मजकुराऐवजी रिक्त मजकूर परत देते. एक चिन्ह तुटले आणि अख्खे नाव गेले, असा हा प्रकार आहे. त्यासाठी बहुबाइट मजकुराची स्वतंत्र फलने वापरावीत.

शुद्धीकरणाच्या नियमांतही असाच धोका आहे. 'फक्त अक्षरे ठेवा' असा नियम लिहिला, तर युनिकोडच्या वर्गवारीत मात्रा 'अक्षर' नसून 'चिन्ह' असल्याने त्या गाळल्या जातात. केजचे 'कज', माजलगावचे 'मजलगव' होते. बीडचे 'बड' होते, आणि गावांच्या अधिकृत यादीशी ते जुळत नाही म्हणून रकाना कोरा ठरतो.

अंकांचे प्रकरण याहून नाजूक आहे. देवनागरी अंकांत लिहिलेला '४५' हा गट क्रमांक पीएचपीचे पूर्णांक-फलन शून्य समजते. अंक आंतरराष्ट्रीय लिपीत असले, तरी '१२/१/अ' मधून केवळ बारा उरतात आणि पोटहिस्सा नाहीसा होतो. गट क्रमांक, खाते क्रमांक, भ्रमणध्वनी ही संख्या नव्हेत, ती नावे आहेत. ती मजकूर म्हणूनच साठवावीत. खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्येही त्यामुळेच टिकतात.

शून्याची आणखी एक गंमत. रकाना रिकामा आहे का, हे पाहणारे पीएचपीचे 'एम्प्टी' हे फलन '०' हे आंतरराष्ट्रीय लिपीतील उत्तरही रिकामेच मानते. 'थकबाकी किती?' यास प्रामाणिकपणे शून्य लिहिणाऱ्याला 'हा रकाना भरा' असे पुनःपुन्हा बजावले जाते. रकाना आला की नाही, तो कोरा आहे का, आणि त्यात शून्य आहे का, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

डेटाबेसमध्ये लॅटिन वर्णसंचाचा स्तंभ असेल, तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. मायएसक्यूएलच्या शिथिल अवस्थेत लांब मजकूर केवळ इशारा देऊन कापला जातो, ५.७ या आवृत्तीपासून कडक अवस्था ही मूळ मांडणी असल्याने तेथे त्रुटी दाखवली जाते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतील मजकूर चिकटवल्यास पडद्यावरच रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो ओळखून चालकाने तेथेच थांबणे श्रेयस्कर.

पोचपावती

पुष्कळ आज्ञावल्या अर्ज मिळताच क्रमांक देतात आणि पावतीवर ब्राउझरकडून आलेली माहितीच पुन्हा छापतात. अशा पावतीवर सर्व काही बरोबर दिसते, कारण ती साठवलेली नोंद नव्हेच. नोंद पूर्ण झाल्यावर ती डेटाबेसमधून वाचावी, तीच पावतीवर छापावी आणि कोरा राहिलेला रकाना 'माहिती नाही' अशा शब्दांत दाखवावा. मग अर्जदार केंद्रातून उठण्यापूर्वी आपला गट क्रमांक व खाते क्रमांक स्वतः वाचू शकतो, किंवा कोणाकडून वाचून घेऊ शकतो.