राष्ट्रीय संस्कृती आणि सायबर सुरक्षा : एस्टोनियाचा अनुभव

संगणकांची सुरक्षा हा केवळ तंत्रज्ञांचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात एखादा समाज सत्तेकडे कसा पाहतो, परस्परांवर किती विश्वास ठेवतो आणि इतिहासातील कोणत्या जखमा जपतो, यांवरही ही सुरक्षा अवलंबून असते. बाल्टिक समुद्राकाठचा, सुमारे १३ लाख लोकवस्तीचा एस्टोनिया हा देश याचे ठळक उदाहरण होय.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघातून मुक्त झालेल्या या देशाने संगणकाला राष्ट्रउभारणीचे साधन मानले. १९९६ मध्ये शाळाशाळांत संगणक व इंटरनेट पोहोचविण्याची 'व्याघ्रझेप' योजना जाहीर झाली. २००२ पासून नागरिकांना इलेक्ट्रॉनिक ओळखपत्रे मिळू लागली, तर २००५ च्या स्थानिक निवडणुकांत इंटरनेटद्वारे मतदान झाले.

एप्रिल २००७ मध्ये मात्र या व्यवस्थेची कसोटी लागली. निमित्त होते राजधानी टॅलिनमधील सोव्हिएत सैनिकाच्या ब्राँझच्या पुतळ्याचे. १९४७ मध्ये उभारलेला हा पुतळा देशातील रशियन भाषकांना नाझींवरील विजयाचे प्रतीक वाटे; बहुसंख्य एस्टोनियनांना तो परकीय अंमलाची आठवण करून देई. सरकारने तो शहराच्या मध्यातून लष्करी दफनभूमीत हलविण्याचे काम सुरू करताच दंगली उसळल्या. पाठोपाठ संसद, मंत्रालये, बँका आणि वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर हल्ले सुरू झाले. असंख्य संगणकांवरून एकाच वेळी मागण्यांचा भडिमार करून संकेतस्थळ ठप्प करण्याचे हे तंत्र होते. सुमारे तीन आठवडे हे सत्र चालले. रशियाने आपला हात असल्याचा आरोप फेटाळला. म्हणजेच हल्ल्याचे हत्यार तांत्रिक असले, तरी त्याचे मूळ एकाच पुतळ्याविषयीच्या दोन स्मृतींत होते.

त्यानंतर एस्टोनियाने उभारलेल्या संरक्षणावरही तेथील संस्कृतीचा ठसा दिसतो. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या 'काइत्सेलीत' या स्वयंसेवी संरक्षण दलाची परंपरा तेथे होतीच. तिच्याच छत्राखाली संगणकतज्ज्ञांचे स्वयंसेवी पथक उभे राहिले. देश गमावल्याची स्मृती तीव्र असल्याने महत्त्वाच्या शासकीय नोंदींच्या प्रती परदेशात ठेवण्याचा निर्णय झाला. २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार होऊन तेथील 'माहिती दूतावासा'ला दूतावासासारखे संरक्षण मिळाले. हेरगिरीच्या राजवटीचा अनुभव घेतलेल्या नागरिकाला अनेक शासकीय नोंदींच्या बाबतीत आपली माहिती कोणी पाहिली, हेही तपासता येते.

या विश्वासाची परीक्षा २०१७ मध्येच झाली. सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष आढळला. सरकारने तो दडपला नाही. सप्टेंबरमध्ये स्वतःहून जाहीर केला आणि नोव्हेंबरमध्ये सदोष प्रमाणपत्रे स्थगित करून ती बदलून दिली. दरम्यान ऑक्टोबरमधील निवडणुकीत इंटरनेटवरील मतदानही पार पडले.

हल्लेखोर यंत्रातील त्रुटी शोधतो, तशीच समाजमनातील भेगही शोधतो. भारतातील 'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीत ही भेग म्हणजे गणवेशाचा धाक. व्हिडिओ कॉलवर पोलीस अधिकारी दिसला, की सुशिक्षित माणूसही प्रश्न विचारण्यास कचरतो आणि आयुष्यभराची पुंजी गमावून बसतो. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मधून सांगावे लागले. अशा वेळी फोन बंद करून १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र त्यासाठी अधिकाऱ्यालाही 'आपण कोण?' असे विचारण्याची सवय समाजाला आधी लागावी लागते. ती कोणत्याही संगणकप्रणालीतून मिळत नाही.